पाइप बदलला, फिल्टर बदलला, आता जेटिंग: टू-स्ट्रोक क्वाडवर नवख्या असणाऱ्यांसाठी

नवा एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर एक्झॉस्ट पाइप) बसवला, एअरबॉक्सचं (एअर फिल्टरच्या डब्याचं) झाकण काढून टाकलं, आणि "जेट उद्या बघू, आज नुसती एक फेरी मारून येऊ" म्हणून निघालो. (जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं बारीक भोकाचं पितळी बूच. इंजिनला किती पेट्रोल मिळायचं ते त्यावर ठरतं, आणि ते बदलून जुळवणं म्हणजे जेटिंग.) वीसेक मिनिटांनी लांब सरळ पट्ट्यावर अंगठा पूर्ण दाबलेला असताना इंजिनचा आवाज एकदम कोरडा, टोकदार झाला आणि मागची चाकं जाम होऊन गाडी फरपटत थांबली. सिलिंडर उघडल्यावर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगाला वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या उभ्या रेघा दिसल्या. गंमत म्हणजे त्या वीस मिनिटांत गाडी जितकी सुंदर पळाली तितकी आधी कधीच पळाली नव्हती. लीन झालेली टू-स्ट्रोक मरायच्या आधी अशीच पळते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

यामाहा बॅन्शी, ब्लास्टर, होंडा टीआरएक्स२५०आर, सुझुकी एलटी२५०आर अशी एखादी जुनी क्वाड (हँडलची, चार चाकांची ऑफ-रोड गाडी) तुमच्या हाती आली असेल आणि आधीच्या मालकाने किंवा तुम्ही तिच्यात बदल केले असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. खाली जिथे जेटचे आकडे आले आहेत ते उदाहरणादाखल आहेत. दुसऱ्याच्या गाडीचा नंबर उचलून आपल्या गाडीत घालणं हा पिस्टन घालवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग.

दोन शब्द आधी स्पष्ट करतो. रिच म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, लीन म्हणजे पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणून लीन झालं की उष्णता वाढते आणि वंगणही घटतं, दोन्ही मार एकदमच बसतात. रिच गाडी धूर करते, भकभकते, प्लग काळा करते, पण सहसा मरत नाही. म्हणून या लेखातला प्रत्येक शोध रिचकडून सुरू होतो आणि एकेक पायरी लीनकडे सरकतो. उलटं कधीच नाही.

हाताशी काय लागेल

- तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची, प्लगची गॅप, मूळ जेटचे नंबर यासाठी
- मेन जेट (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा): मूळ नंबरच्या वरचे सहा-सात आणि खालचा एखादा
- पायलट जेट (आयडलिंग आणि कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा): मूळ, एक खालचा, दोन वरचे
- नवे प्लग, किमान चार. बॅन्शी आणि ब्लास्टरला एनजीकेचा बी८ईएस किंवा बीआर८ईएस चालतो
- जेटच्या खाचेत घट्ट बसणारा चपटा स्क्रूड्रायव्हर. जेट पितळेचे असतात, सैल पात्याने खाच सोलली जाते
- जेआयएस (जपानी मानक) मापाचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर. जपानी कार्बोरेटरच्या वाटीचे स्क्रू साध्या फिलिप्सने हमखास गोल होतात
- प्लग पाना, कॉम्प्रेशन गेज, छोटी टॉर्च, भिंग
- मापाचं भांडं, चिकटपट्टी, मार्कर
- अग्निशामक, आणि पेट्रोल ओतून घ्यायला झाकणाचं भांडं
- वही. हसू नका, यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच आहे

१. जेटला हात लावण्याआधी गळती शोधा

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं जेटिंगमध्ये रोज घडतं. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या रबरी बूटला बारीक चीर असेल तर तिथून आत जाणारी हवा कार्बोरेटरला माहीतच नसते. तुम्ही जेट मोठे करत जाता, गाडी एका ठिकाणी सुधारते आणि दुसऱ्या ठिकाणी बिघडते. मी तीन संध्याकाळी अशा घालवल्या आहेत. बूट हाताने वाकवून पाहिला तेव्हा चीर उघडली. सरळ असताना ती दिसतही नव्हती.

लक्षणं ओळखीची आहेत: रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही, आयडलिंग कधी वर कधी खाली, एअर स्क्रू फिरवून काहीच फरक नाही. सगळ्यात भरवशाची चाचणी दाबाची. एक्झॉस्ट आणि इनटेक बुचाने बंद करून आत साधारण ६ पीएसआय दाब भरायचा आणि पाच-सहा मिनिटं टिकतो का पाहायचं. त्याहून जास्त दाब देऊ नका, क्रँकची सील जागची हलतील. काटा पडत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: बूट, रीड ब्लॉकचं (इनटेकच्या एकेरी झडपांच्या ठोकळ्याचं) गॅस्केट, सिलिंडरचा तळ, आणि क्रँकची दोन्ही सील. मॅग्नेटोकडचं सील गेलं की बाहेरची हवा आत येते आणि गाडी लीन होते. क्लचकडचं गेलं की गिअर ऑईल ओढलं जातं, धूर थांबत नाही आणि प्लग ओला येतो. त्याला लोक रिच समजून जेट लहान करत बसतात, आणि मग एक दिवस पिस्टन जातो.

याच वेळी रेस पूर्ण उघडी ठेवून कॉम्प्रेशन मोजा आणि रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरून पाहा. कोपरे तुटलेले असतील तर आधी ते बदला.

२. जेटिंगचं सोंग घेणारे इतर दोष

क्वाडला अंगठ्याची रेस असते आणि बऱ्याच मॉडेलांत तिच्या डब्यावर रेस मर्यादित ठेवणारा स्क्रू असतो, नवशिक्यांसाठी. आधीच्या मालकाने तो आत फिरवून ठेवलेला असेल तर तुम्ही पूर्ण अंगठा दाबता आणि स्लाइड (रेस दिली की कार्बोरेटरमध्ये वर सरकणारी झडप) तीन-चतुर्थांशच उघडते. मग मेन जेट कितीही बदला, चाचणी सुईचीच (स्लाइडला लटकलेली, मधल्या रेसचं पेट्रोल ठरवणारी) होते. एअर फिल्टरच्या बाजूने कार्बोरेटरमध्ये डोकावा, अंगठा पूर्ण दाबा. स्लाइड तोंडातून पूर्ण वर गेली पाहिजे. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्ही स्लाइड एकाच क्षणी हलायला लागल्या पाहिजेत. बॅन्शीत याकडे दुर्लक्ष झालं की एक सिलिंडर लीन चालतो आणि दुसरा ते झाकतो.

बॅन्शी आणि ब्लास्टरवर टॉर्स नावाची सुरक्षा यंत्रणा असते. अंगठा सुटला तरी स्लाइड उघडीच आहे असं तिला वाटलं की ती इग्निशन तोडते. केबलची ढील चुकली तर ती उगाचच तोडते, आणि ते तुटक फटफट रिच गाडीसारखंच ऐकू येतं. पार्किंग ब्रेकच्या स्विचचंही तसंच, ब्रेक ओढलेला असला की इंजिन वर चढत नाही.

उरलं पेट्रोल. टाकीच्या झाकणाची हवेची नळी तुंबली तर लांब पट्ट्यावर इंजिन हळूहळू लीन होतं आणि थांबल्यावर ठीक होतं. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे लावा, कारण वाटीतली पातळी चुकली तर सगळेच जेट खोटं बोलतात. फोमचा फिल्टर धुऊन, ऑईल लावून बसवा. कोरड्या फिल्टरवर केलेलं जेटिंग ऑईल लावल्यावर बदलतं.

३. मिश्रण ठरवा आणि मग त्याला हात लावू नका

ऑईल जास्त घातलं की मिश्रण रिच होतं, असं नव्याने आलेल्या बहुतेकांना वाटतं. होतं उलट. जेटमधून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑईलचा वाटा वाढला तर पेट्रोलचा घटतो, म्हणजे हवेच्या हिशेबाने गाडी लीन होते. "सुरक्षित राहावं" म्हणून ४०:१ वरून २०:१ वर जाणारे लोक नेमकं हेच करून बसतात.

मी ३२:१ वापरतो. ५ लिटर पेट्रोलला १५६ मिलिलिटर ऑईल. ४०:१ साठी तेच १२५ मिलिलिटर होतं. कुठलंही घ्या, पण मापाच्या भांड्याने घ्या आणि जेटिंग संपेपर्यंत प्रमाण आणि ऑईलचा ब्रँड दोन्ही तेच ठेवा. ब्लास्टरला मुळात ऑईल पंप असतो, बॅन्शीला नसतो. पंप काढून टाकलेली ब्लास्टर विकत घेतली असेल तर हे आधी नक्की करा, नाहीतर जेटिंग करायला इंजिनच उरणार नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन लागतं. इथेनॉल असलेल्या आणि नसलेल्या पेट्रोलची अदलाबदल करू नका.

४. अंगठ्याच्या खुणा

जेटिंगमध्ये सर्वात मोठा गैरसमज हा, की पायलट जेट म्हणजे कमी आरपीएम आणि मेन जेट म्हणजे जास्त आरपीएम. कार्बोरेटरला आरपीएम कळत नाही. त्याला फक्त स्लाइड किती उघडली ते कळतं.

- बंद ते एक-चतुर्थांश: पायलट जेट आणि एअर स्क्रू
- एक-अष्टमांश ते अर्धी: स्लाइडचा कापलेला भाग
- एक-चतुर्थांश ते तीन-चतुर्थांश: सुई
- तीन-चतुर्थांश ते पूर्ण: मेन जेट

हद्दी एकमेकांत घुसतात, भिंत कुठेच नसते. रेसच्या डब्यावर आणि खटक्यावर चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा पाच खुणा करा. गाडी घुटमळली की आधी खाली बघा, अंगठा कुठे आहे. मग वहीत लिहा. सांगायला क्षुल्लक वाटतं, पण माझं अर्धं शिक्षण त्या पट्टीनेच केलं.

५. मेन जेट

पायलटपासून सुरू करा असं सांगणारेही अनुभवी लोक आहेत आणि त्यांचं चुकत नाही. मी मेनपासून सुरू करतो, कारण पिस्टन तिथे जळतो. गाडी आयडलिंगला जेमतेम टिकते इतपत एअर स्क्रू लावून घ्या (दीड फेरा बाहेर) आणि सुईची क्लिप मधल्या खाचेत ठेवा.

नंबरांबद्दल एक सावधगिरी. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा नंबर प्रवाहावर ठरतो, केहिनचा भोकाच्या व्यासावर. केहिन १६० म्हणजे १.६० मिलीमीटर. म्हणून मिकुनीत २०० वरून २१० वर गेलात तर ५ टक्के वाढ होते, पण केहिनमध्ये १६० वरून १६५ हा बारीक दिसणारा बदल क्षेत्रफळात ६ टक्क्यांहून जास्त भरतो. एका कंपनीचा जेट दुसरीच्या कार्बोरेटरमध्ये बसला तरी नंबराचा अर्थ बदलतो. जुन्या गाडीत सापडलेल्या जेटवरही विश्वास ठेवू नका. कोणीतरी ड्रिलने भोक मोठं केलेलं असू शकतं. आणि स्वतः जेट साफ करताना तार घालू नका, कार्ब क्लीनर आणि हवेचा फवारा पुरे.

सुरुवात कुठून? बॅन्शीचा मूळ मेन जेट २०० चा. पाइप आणि उघडे पॉड फिल्टर लावलेली गाडी समुद्रसपाटीजवळ २८० किंवा त्याहूनही वर जाणं नवलाचं नाही. पाइप आतल्या दाबाच्या लाटा परत फिरवून सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण आत ढकलतो, आणि त्याच्या ठरलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात इंजिन एकदम जास्त भरतं. तुमच्यासारखेच बदल केलेल्या गाड्यांचा अंदाज घ्या आणि त्याच्याही वर दोन-तीन नंबर बसवा.

आता सपाट, मोकळा, सरळ पट्टा शोधा. हेल्मेट, बूट, हातमोजे घाला. गाडी पाच-सात मिनिटं हळू फिरवून पूर्ण गरम करा. मग वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या. जेट खरोखर मोठा असेल तर इंजिन वर चढायला नकार देईल, एक घरंगळता, तुटक आवाज येईल. प्रत्येक फेऱ्याऐवजी एक सोडून एक फेऱ्याला मिश्रण पेट घेतं आहे, त्याला लोक फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. हा आवाज ऐकू आला की खूश व्हा, तुम्ही सुरक्षित बाजूला आहात. एक नंबर खाली या. पुन्हा तोच पट्टा, तोच गिअर. तुटक आवाज नुकताच नाहीसा होऊन इंजिन स्वच्छ खेचायला लागेल तिथे थांबा. आणखी एक नंबर खाली गेलं तर अजून जोर येईल असा मोह होईल. येईलही. मी त्याच जोराने पहिला पिस्टन घालवला.

पहिल्या फेरीत तुटक आवाज आलाच नाही तर जेट मोठा नाही, लहानच आहे असं धरा आणि वर जा.

मग प्लग पाहा, पण नीट. जुन्या प्लगवर गरम करून घ्या, नवा प्लग लावा, पूर्ण रेसवर सुमारे १० सेकंद खेचा, आणि अंगठा तसाच दाबून ठेवत किल स्विच बंद करून क्लच दाबा. अंगठा सोडून इंजिन बंद केलंत तर प्लगवर आयडलिंगची गोष्ट लिहिली जाते, मेन जेटची नाही. अंगठा दाबलेला ठेवल्याने इंजिन थांबता थांबता आत ओलं मिश्रणही येत राहतं. प्लगचं टोक बघून उपयोग नाही. पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी तळाशी, जिथे ती धातूत शिरते, तिथे टॉर्च आणि भिंगाने बघा. बारीक तपकिरी कडं हवं. कडं नाही, सगळं पांढरं: लीन. काळं आणि रुंद: रिच. चिनी मातीवर चांदीसारखे बारीक ठिपके दिसले तर गाडी तिथेच थांबवा, ते तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

रंग ऑईलवरही अवलंबून असतो, एका प्लगवर निकाल देऊ नका. प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथाही बघा. ट्रान्सफर पोर्टच्या (ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये आणणाऱ्या वाटांच्या) समोरचे थोडे भाग पेट्रोलने धुतल्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजेत. कुठेच धुतलेलं नाही म्हणजे लीन.

प्रत्येक वेळी कार्बोरेटरचं वरचं झाकण बसवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, अंगठा दाबून सोडा. स्लाइड खटकन खाली पडली पाहिजे. तिचा कापलेला भाग फिल्टरच्या बाजूला असतो. उलटी किंवा तिरकी बसलेली स्लाइड उघडीच अडकते, आणि मग पहिल्या किकला इंजिन किंचाळतं.

६. पायलट जेट आणि एअर स्क्रू

टू-स्ट्रोक स्लाइड कार्बोरेटरवर बहुधा एअर स्क्रू असतो आणि तो फिल्टरच्या बाजूला असतो. आत फिरवला की रिच, बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर तो इंधनाचा स्क्रू, त्याचं सगळं उलट.

इंजिन गरम असताना स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवा, दाबू नका, टोक मोडतं. दीड फेरा बाहेर काढा. मग पाव-पाव फेऱ्याने फिरवत, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबून, आयडलिंग सर्वात वर कुठे जातं ते शोधा. ती जागा एक ते अडीच फेऱ्यांच्या आत आली तर पायलट बरोबर. एकाहून आत आली तर मोठा पायलट लागेल, अडीचच्या बाहेर गेली तर लहान. मग आयडल स्क्रूने आवाज खाली आणा.

रिच आणि लीन घुटमळणं कानाने वेगळं करायला शिका. लीन असेल तर अंगठा दाबताच इंजिन गप्प होतं, पोकळ "बऽऽ" करतं, मग अचानक उठतं. रिच असेल तर ते ओलं, गुळगुळत, धुरासकट उठतं. खात्री नसेल तर उभ्या गाडीवर, कमी रेसला पेट्रोलचा कॉक बंद करा. वाटीतली पातळी उतरते तसं मिश्रण लीन होतं. बंद पडायच्या आधी इंजिन थोडा वेळ जास्त छान चाललं तर गाडी रिच होती. हा प्रयोग पूर्ण रेसवर चुकूनही करू नका.

७. सुई

मेन आणि पायलट बसल्यावर सुईचं काम थोडंच उरतं. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते, म्हणजे रिच. वरच्या खाचेत घातली की लीन. पाव ते पाऊण खुणांमध्ये, स्थिर रेसवर, हळू चढावर गाडी चालवून बघा. स्थिर रेसवर भकभकत असेल तर क्लिप एक खाच वर. इंजिन तापलेलं वाटतं, रेस स्थिर असताना पुढे-मागे हिसके देतं किंवा टकटक ऐकू येते, तर एक खाच खाली. टकटक ऐकू आली तर तपासत बसू नका, रेस सोडा. एका टोकाची खाच लागत असेल तर क्लिपशी झगडू नका, सुईच वेगळी हवी आहे. सुई बदलली की मेन जेटची एक फेरी पुन्हा करून घ्या.

स्लाइडच्या कापाला मी आजवर एकदाच हात लावला आहे. तुम्हाला बहुधा लावावा लागणार नाही.

८. हवा बदलली की

थंड हवा दाट असते. ३५ अंशांवर केलेलं जेटिंग १० अंशांच्या सकाळी लीन होतं, कारण हवेची घनता जवळपास ९ टक्क्यांनी वाढलेली असते. उंचीवर उलट: हजार मीटर चढलात की घनता साधारण १० टक्क्यांनी घटते आणि गाडी रिच होते. कार्बोरेटर यातला अंदाजे अर्धा फरक आपोआप भरून काढतो, म्हणून ९-१० टक्क्यांच्या बदलाला जेट ४-५ टक्केच हलवायचा. मिकुनी २८० असेल तर एक नंबर. डोंगरावर जेट लहान केलात आणि परत खाली उतरलात, तर इंजिन चालू करायच्या आधी मोठा जेट परत घाला. हे विसरलेल्या माणसांची मोजदाद नाही. मी आता पायथ्याशी किल्लीला चिठ्ठी बांधतो.

लांब उतारावर अंगठा पूर्ण सोडून इंजिनच्या ब्रेकवर उतरू नका. रेस बंद म्हणजे ऑईलही जवळजवळ बंद, आणि क्रँक मात्र जोरात फिरत असतो. क्लच दाबा किंवा अधूनमधून थोडी रेस द्या.

वहीत प्रत्येक ओळीत एवढं लिहा: तारीख, तापमान, उंची, मेन, पायलट, क्लिपची खाच, एअर स्क्रूचे फेरे, ऑईलचं प्रमाण, प्लग कसा दिसला. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर ती ओळ खोडून टाका आणि आधीच्या ओळीपासून पुन्हा सुरू करा.